कोऱ्या कागदावरची सही

एडिंबराला सेंट जाइल्स चर्चच्या पाठीमागे जुन्या स्कॉटिश संसदेचं दालन आहे. आता तिथे कोर्ट भरतं. दारावर पिशवी तपासून घेतली की कुणीही आत जाऊ शकतं, तिकीटबिकीट नाही. मुलीला काहीतरी खरेदी होती. "बाबा, मी तासाभरात येते, तोवर तू बघून घे," म्हणून ती गेली आणि मी आत शिरलो.

वर ओकच्या तुळयांचं भलंमोठं छत, एका टोकाला रंगीत काचांची खिडकी, भिंतींवर तैलचित्रं. पण माझं लक्ष गेलं ते खालच्या माणसांकडे. काळे झगे चढवलेले वकील जोडीजोडीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होते. भिंत आली की वळायचं आणि परत. एका जागी उभं राहून बोललं तर शेजारचा ऐकतो, म्हणून चालता चालता बोलायचं, अशी तिथली जुनी वहिवाट आहे. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस मी, दबक्या आवाजातली बोलणी मला नवी नाहीत. आमच्याकडे ती जिन्यात होत, नाहीतर चहाच्या टपरीवर. इतकी शिस्तीची कुजबुज मात्र पहिल्यांदाच पाहत होतो.

मी तिथे गेलो होतो एका सहीसाठी. म्हणजे सही काही तिथे मांडून ठेवलेली नाही. ती झाली ती जागा पाहायची होती. १६ जानेवारी १७०७ रोजी याच दालनात स्कॉटलंडच्या संसदेनं स्वतःलाच बरखास्तीकडे नेणारा कायदा ११० विरुद्ध ६७ मतांनी मंजूर केला. इंग्लंड आणि स्कॉटलंड मिळून ग्रेट ब्रिटन. संसद एक, ती लंडनला. स्कॉटलंडच्या वाट्याला तिथे खालच्या सभागृहात ४५ जागा आणि वरच्या सभागृहात १६. स्कॉटलंडचा चॅन्सेलर, म्हणजे तिथल्या राज्यकारभारातला अगदी वरचा अधिकारी, होता जेम्स ओगिल्वी, अर्ल ऑफ सीफील्ड, वय ४३. कायद्याच्या प्रतीवर त्यानं सही केली, कागद कारकुनाच्या हाती परत दिला आणि म्हणाला, "झालं, एका जुन्या गाण्याचा शेवट झाला."

बस. एवढंच. पंचवीस-तीस वर्षं त्यानं राजकारण केलं, सगळ्यात वरच्या खुर्च्या भोगल्या, आणि आज त्याचं नाव निघतं ते या एका वाक्यासाठी.

हे वाक्य आपल्यापर्यंत पोचवलं जॉर्ज लॉकहार्टनं. हा लॉकहार्ट त्याच संसदेतला, पण संघटनाच्या, म्हणजे दोन देश एक करण्याच्या, ठार विरोधातला. त्यानं लिहून ठेवलंय की सीफील्ड हे भर संसदेत बोलला आणि तुच्छतेनं बोलला. गेली तीनशे वर्षं लोक ते तसंच ऐकत आलेत: बाप गेल्यावर तेराव्याच्या आधीच घर विकणाऱ्या पोराच्या आवाजात. पण स्वर कागदावर उतरत नाही. तेच वाक्य थकून म्हटलं असेल तर? किंवा घशात काही अडकलं असताना, ते लपवायला? लॉकहार्टला तुच्छता ऐकू आली, कारण तो ज्या बाकावर बसला होता तिथून तीच ऐकू येणार.

याच लॉकहार्टनं सीफील्डचं एक शब्दचित्र काढलंय आणि ते फार पोचलेलं आहे. माणूस हुशार, कायद्याचा जाणकार, न्यायाधीश म्हणून सचोटीचा, वागायला गोड, असं सगळं चांगलं आधी मान्य करतो. मग म्हणतो, पण हा म्हणजे कोरा कागद. दरबारानं त्यावर हवं ते भरून घ्यावं. मॅकी नावाच्या इंग्रज सरकारच्या एका हेरानंही त्याचं वर्णन लिहून ठेवलंय, त्यात देखणं रूप, हसरा चेहरा आणि मऊ जीभ हे आवर्जून येतं. मी वाचताना थबकलो ते कोऱ्या कागदापाशी. नोकरीत असे कोरे कागद मी खूप पाहिले. साहेबांना काय हवंय ते टिपणी मांडण्याआधीच ज्यांना कळतं आणि जे त्याला कायद्याची कलमं शोधून देतात, ते. त्यांच्याशिवाय कचेरी चालत नाही. त्यांच्यापैकी एखादा मीही असेन. तसं कुणी तोंडावर म्हटलं नाही इतकंच.

तर हा कागद मुळात कोरा नव्हता, ही यातली गंमत. सीफील्डचा जन्म १६६३चा, ईशान्य स्कॉटलंडमधल्या कलन या समुद्रकाठच्या गावच्या ओगिल्वी घराण्यातला. बाप फिंडलेटरचा अर्ल. किताब मोठा, तिजोरी बेताची. हा दुसरा मुलगा, म्हणून वकिली शिकला आणि १६८५ मध्ये सनद घेतली. १६८९ मध्ये राजा जेम्स पळून गेल्यावर एडिंबराच्या सभेत जेम्सनं गादीवरचा हक्क गमावला असा ठराव आला, तेव्हा विरोधात उभे राहिले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांत हा पंचविशीतला वकील होता. पडलेल्या राजाच्या बाजूनं तो बोलला, हरणार हे दिसत असताना. पुढे नव्या राजाची, विल्यमची, शपथ घेतली. १६९३ मध्ये सॉलिसिटर जनरल, १६९६ मध्ये स्कॉटलंडचा सेक्रेटरी, १७०१ मध्ये अर्ल, १७०२ मध्ये चॅन्सेलर. जिन्याची एक पायरी चुकली नाही. १६८९ नंतर हरणाऱ्या बाजूनं उभं राहायची त्याला बहुधा पुरती धास्ती बसली असावी. हा माझा तर्क.

डेरियनचं प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. १६९५ मध्ये स्थापलेल्या स्कॉटिश कंपनीत लोकांनी चार लाख पौंड लावायचं कबूल केलं. सरदारांपासून विधवांपर्यंत सगळ्यांनी. पनामाच्या भूशिरावर, डेरियनला, वसाहत करायची होती. १६९८ मध्ये जहाजं निघाली, १७०० पर्यंत सगळं संपलं. सुमारे दोन हजार माणसं गेली आणि पैसा बुडाला. इंग्लंडनं मदत तर केली नाहीच, वर आपल्या वसाहतींना त्यांच्याशी व्यवहार करायची मनाई केली. आणि या सगळ्या काळात राजाची बाजू एडिंबरात मांडायचं काम सीफील्डचं. लोक त्याच्या नावानं बोटं मोडायला लागले ते तेव्हापासून.

पण मला तो माणूस खरा दिसला तो १७०५ सालच्या एका प्रकरणात. आणि त्याचा धागा थेट आपल्या पश्चिम किनाऱ्याला येऊन लागतो.

स्कॉटिश कंपनीचं एक जहाज, स्पीडी रिटर्न, पूर्वेकडे गेलं ते परतलंच नाही. दुसरं एक, ॲनंडेल, १७०४ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर ईस्ट इंडिया कंपनीनं आपला मक्ता पुढे करून जप्त करवलं. त्याच उन्हाळ्यात वूस्टर नावाचं इंग्लिश जहाज मलबारहून परतताना एडिंबराजवळच्या खाडीत आसऱ्याला आलं. स्कॉटिश कंपनीचा सेक्रेटरी रॉडरिक मॅकेंझी यानं ते ईस्ट इंडिया कंपनीचं समजून ताब्यात घेतलं. ॲनंडेलच्या बदल्यात वूस्टर. इथवर प्रकरण वसुलीचं होतं. मग खलाशी दारूच्या गुत्त्यात बरळायला लागले, त्यातून कुजबुज निघाली की यांनी मलबार किनाऱ्यावर कुठलंसं जहाज लुटलं आणि माणसं कापली. कुठलं जहाज? स्पीडी रिटर्नच, दुसरं कुठलं असणार! बेपत्ता जहाज आणि हाताशी इंग्रज. दोन्ही जुळवायला पुराव्याची गरजच उरली नाही. मार्चमध्ये खटला उभा राहिला. साक्षीदारांत अंतोनियो फर्दिनांदो नावाचा, आचाऱ्याच्या हाताखाली काम करणारा, मलबारकडून जहाजावर आलेला एक काळा माणूस होता. त्याची साक्ष दुभाष्यामार्फत झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो मेला. कालिकतच्या बाजूचा समुद्र पाहिलेला, भाषा न कळणाऱ्या कोर्टात शपथेवर उभा केलेला हा माणूस मला त्या दालनात उगाचच आठवत राहिला. त्याला कुणी काय विचारलं आणि त्यानं काय समजून काय सांगितलं, हे देवालाच ठाऊक.

कप्तान थॉमस ग्रीन आणि त्याचे साथीदार यांना फाशी ठरली. एवढ्यात इंग्लंडमध्ये खुद्द स्पीडी रिटर्नवरचे दोन खलाशी पुढे आले. त्यांनी शपथेवर सांगितलं की आमचं जहाज मादागास्करला चाच्यांनी पळवलं, ग्रीनचा काही संबंध नाही. त्या जबान्या एडिंबराला पोचल्या. राणी ॲनचा निरोप होताच, घाई करू नका. फाशी आठवडाभर पुढे गेली.

११ एप्रिल १७०५. नुकताच, मार्चमध्ये, सीफील्ड पुन्हा चॅन्सेलर झालेला. प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे राणीच्या स्कॉटलंडमधल्या कारभारी मंडळाची, बैठक. बाहेर हजारो माणसं, काठ्या घेऊन. कितीतरी सदस्यांनी घरूनच न येणं पसंत केलं. आजारपण, कामं, नेहमीची कारणं. सीफील्ड आला. बैठकीत जे होते त्यांनी जबान्या पाहिल्या, राणीचा निरोप पाहिला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि फाशी आणखी पुढे ढकलायची नाही असं ठरवलं. सीफील्ड बग्गीतून निघाला. वाटेत कुणीतरी ओरडलं की सोडलं, सोडलं त्यांना! ट्रॉन चर्चपाशी जमावानं बग्गी अडवली, काचा फोडल्या, त्याला उतरून एका ओळखीच्या घरात घुसावं लागलं. म्हणजे ज्या जमावाला घाबरून त्यानं तिघांचा जीव दिला, त्याच जमावाचा मार त्याला चुकला नाही. त्या दिवशी एडिंबराजवळच्या लीथ बंदराच्या वाळूत ग्रीन, त्याचा मेट म्हणजे हाताखालचा अधिकारी मॅडर आणि तोफची सिम्पसन यांना फासावर चढवलं. बाकीच्यांना पुढे गुपचूप सोडून दिलं. सोडून दिलं याचा अर्थ काय ते सगळ्यांना कळलं होतं.

लॉकहार्ट म्हणतो दरबार या कागदावर लिहायचा. ११ एप्रिलला दरबाराचं म्हणणं उलट होतं. त्या दिवशी लिहिलं ते रस्त्यानं. जो जवळ येऊन जोरात टाक दाबेल त्याची अक्षरं उमटायची, मग तो राणी असो की काठीवाला. संघटनासाठी मला या माणसाचा राग येत नाही, त्यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. ग्रीनसाठी येतो.

पुढच्याच वर्षी संघटनाची बोलणी लंडनला सुरू झाली. दोन्हीकडचे ३१-३१ प्रतिनिधी व्हाइटहॉलमध्ये, वेगवेगळ्या खोल्यांत. समोरासमोर वादविवाद जवळजवळ नाहीच. या खोलीतून त्या खोलीत लेखी कागद जायचे. स्कॉटलंडच्या बाजूनं पुढारपण सीफील्डकडे. एप्रिल ते जुलै १७०६ एवढ्यात २५ कलमं तयार. डेरियनमध्ये बुडालेल्यांना व्याजासकट पैसे परत मिळतील अशी तजवीज त्यातच. इंग्लंडनं त्यासाठी आणि इतर देण्यांसाठी मिळून ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग मोजायचे. ते १० शिलिंग मला फार आवडतात. हिशेबनीस कुठल्याही देशाचा असो, जातीनं एकच.

एडिंबरात मात्र दंगली झाल्या, डमफ्रीसमध्ये कलमांची प्रत चौकात जाळली. विरोधकांचा म्होरक्या ड्यूक ऑफ हॅमिल्टन ऐन मोक्याच्या दिवशी दात दुखतोय म्हणून उशिरा उगवला. असा दात आपल्याकडेही अविश्वासाच्या ठरावाच्या दिवशी दुखतो.

आणि पैसे. लंडनच्या खजिन्यातून २०,००० पौंड गुपचूप एडिंबराला आले होते, आणि पुढे त्यांचं वाटप लॉकहार्टनंच हुडकून काढलं. बारा हजारांवर रक्कम एकट्या क्वीन्सबेरीला, जो राणीचा प्रतिनिधी होता. लॉर्ड बॅन्फला ११ पौंड २ शिलिंग. सीफील्डला ४९०. थकलेला पगार दिला, असं बचावाचं म्हणणं, आणि काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. पण थकबाकी मत देण्याच्या सुमारासच का चुकती होते, याचं उत्तर कचेरीत काम केलेल्या माणसाला विचारू नये.

सीफील्डला एक भाऊ होता, कर्नल पॅट्रिक ओगिल्वी. तो गुरांच्या व्यापारात पडला. चॅन्सेलरच्या भावानं बाजारात ढोरं विकावी हे घराण्याला शोभत नाही, असं सीफील्डनं त्याला सुनावलं. त्यावर पॅट्रिकचं उत्तर सांगतात ते असं: मी ढोरं विकतो, महाराज, आपण देश विकता. खरं की रचलेलं कोण जाणे, पण भाऊच असं बोलू शकतो.

आता माझ्या सहीबद्दल. आमच्या कचेरीतल्या कर्मचाऱ्यांची एक पतसंस्था होती, तिचा मी नऊ वर्षं मानद चिटणीस. साडेतीनशेच्या आत सभासद, लोखंडी कपाटात लेजर, दिवाळीला लाभांश आणि एक स्टीलचा डबा. थकबाकी वाढली, नवे लोक सभासद होईनात, आणि मोठ्या संस्थेत विलीनीकरणाचा ठराव आला. विशेष सर्वसाधारण सभा झाली. हिशेब मला पाठ होता, दुसरा मार्ग नव्हता. सूचक, अनुमोदक, हात वर, मंजूर. मी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणालो, "चला, आता मार्चमध्ये वह्या घरी न्यायला नकोत." सगळे हसले.

पाच-सहा वर्षांनी मंडईत आमच्या पहिल्या खजिनदार बाई भेटल्या. निवृत्त होऊन थकल्या होत्या. हातातली मेथी पिशवीत घालत म्हणाल्या, "तुम्ही सही केलीत त्याचं काही नाही हो. करावीच लागणार होती. पण तुम्ही हसलात." मला सांगता आलं नाही की आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत मी जुन्या लेजरमधल्या त्यांच्याच अक्षरातल्या नोंदी वाचत बसलो होतो. हे मंडईत कसं सांगणार? आणि सांगितलं असतं तरी त्यांना ते नंतर सुचलेलं वाटलं असतं.

सीफील्डला मात्र बोलायची संधी मिळाली. संघटनानंतर वर्षभरात स्कॉटलंडची प्रिव्ही कौन्सिल बंद झाली आणि त्याच्या चॅन्सेलरपदाचाही शेवट झाला. १७११ मध्ये वडील वारले आणि तो फिंडलेटरचा अर्ल झाला. १७१३ मध्ये लंडनच्या संसदेनं माल्टवरचा कर स्कॉटलंडला लावायचं ठरवलं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली. गरिबाची बिअर त्यातूनच होते. करारात १४ व्या कलमात साफ लिहिलेलं की चालू युद्ध संपेपर्यंत हा कर स्कॉटलंडवर नाही. फ्रान्सशी तह झालेला, स्पेनशी सही बाकी. म्हणजे युद्ध संपलं की नाही? आम्ही फायलींवर ज्या जागेत आयुष्य काढलं ती ही जागा.

१ जून १७१३ ला लॉर्ड फिंडलेटर वरच्या सभागृहात उभा राहिला आणि त्यानं संघटन मोडण्याचा कायदा आणण्याची परवानगी मागितली. त्यानंच. ज्यानं कलमं लिहिली, सही केली, ते वाक्य टाकलं, त्यानं. चार गाऱ्हाणी मांडली: आमची प्रिव्ही कौन्सिल गेली, राजद्रोहाचे इंग्लिश कायदे आमच्यावर लादले, स्कॉटिश सरदाराला ब्रिटनचा सरदार म्हणून बसू देत नाही, आणि आता हा माल्टचा कर. संघटनासाठी जिवाचं रान केलेले मार आणि आर्गाइल हे स्कॉटिश सरदारही त्याच्या बाजूनं उभे राहिले. सभागृहात हजर असलेल्यांची मतं मोजली तर ५४ विरुद्ध ५४. बरोबर निम्मी! मग गैरहजर सरदारांनी दुसऱ्यांच्या हाती सोपवलेली मतं मोजली, ती १३ विरुद्ध १७. चार मतांनी पडला ठराव. ग्रेट ब्रिटन टिकलं ते जे त्या दिवशी तिथे नव्हतेच त्यांच्यामुळे.

मला वाटलं होतं, इथे तरी कागदावर त्याचं स्वतःचं अक्षर सापडलं. १६८९ चा तो पंचविशीतला वकील परत आला. मग पुढची ओळ वाचली. त्याच वर्षी सरकारनं त्याला स्कॉटलंडच्या राजमुद्रेचा रक्षक नेमलं, आणि त्यानं ते पद घेतलं. मी पुस्तक मिटून चहा टाकायला उठलो.

१७३० मध्ये तो गेला. पुढच्या रविवारी आम्ही कलनला गेलो, मुलगी, जावई आणि मी. गाडीनं चार तास लागले. त्याच्या काळचं कलन आता नाहीच. एकोणिसाव्या शतकात त्याच्या वंशजांनी वाड्यालगतची जुनी वस्ती पाडली आणि गाव समुद्राकडे नव्यानं वसवलं. वाड्यात आता फ्लॅट आहेत. समुद्रावरून वारा असा येत होता की टोपी हातात धरावी लागली.

जेवायला गेलो तिथे वाढणाऱ्या मुलीला जावयानं विचारलं, सीफील्डबद्दल इथे काही पाहायला आहे का? ती म्हणाली, "सीफील्ड? हा बाहेरचा रस्ताच की," आणि चढाकडे बोट दाखवलं. मग गावाच्या नावाचं सूप आणून ठेवलं, कलन स्किंक: धुरी दिलेला हॅडक मासा, बटाटा, कांदा आणि भरपूर दूध.

माझा चमचा वाटीवरच थांबला. आमच्या घरी मासे झाले की रात्री कुणाला दूध मिळत नसे. विरुद्ध आहार, अंगावर कोड उठतं, असं आई सांगायची. मुलीच्या ते लक्षात आलं. "बाबा, नको असेल तर दुसरं सांगते." मी म्हटलं राहू दे. पहिला घोट जपून घेतला, दुसरा न जपता, आणि तळाशी राहिलेलं पावानं पुसून घेतलं.